जुन्या मोटरसायकलवर पॉड फिल्टर लावावेत की मूळ एअरबॉक्सच ठेवावा?

प्रश्न: माझी मोटरसायकल 1980 च्या सुमाराची आहे. चार सिलिंडर, 650 सीसी, चार सीव्ही कार्ब्युरेटर. कार्ब्युरेटर साफ करायला काढले तेव्हा एअरबॉक्स (फिल्टरचा डबा) आणि कार्ब्युरेटर जोडणारे रबरी बूट कडक होऊन आखडलेले दिसले. आता ते परत बसवताना जीव नकोसा होतोय. एअरबॉक्स काढून टाका, चार पॉड फिल्टर (कार्ब्युरेटरच्या तोंडावर थेट बसणारे सुटे फिल्टर) लावा, मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारी मुख्य भोकं) थोडे मोठे टाका, गाडी आणखी पळेल, असा सल्ला मिळालाय. लावू का? आणि मेन जेट कितीचे घेऊ?

उत्तर:

लावू नका. तुमच्या गाडीवर तर नकोच. कार्ब्युरेटर सीव्ही (हवेच्या दाबाने स्लाइड उचलली जाते असे) आहेत, इंजिन मूळ अवस्थेत आहे आणि खरी अडचण फिल्टरची नसून कडक झालेल्या रबराची आहे. रबर मऊ करता येतं किंवा बदलता येतं. एअरबॉक्स काढल्यावर जे बिघडतं ते मात्र एका जेटने भरून निघत नाही. असं का, ते नीट सांगतो, कारण हा सल्ला फार सहज दिला जातो आणि त्यापायी चांगल्या चालणाऱ्या गाड्या महिनोन्महिने उघड्या पडून राहतात.

एअरबॉक्स म्हणजे फिल्टर ठेवायचा डबा, अशी समजूत असते. फिल्टर त्यात असतो हे खरं, पण डब्याचं ते एकच काम नाही. इंजिन किती हवा ओढतं याचा अंदाज घ्या. तुमचं 650 सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन 8000 आरपीएमवर मिनिटाला 4000 वेळा भरतं. पूर्ण भरलं तर 2600 लिटर होतात. प्रत्यक्षात भरणं थोडं कमी असतं, तरी मिनिटाला दोन हजार लिटरच्या वर हवा आत जाते. तीही सलग वाहत नाही, हिसक्यांनी जाते. प्रत्येक सिलिंडरचा इनटेक व्हॉल्व्ह दोन फेऱ्यांमधला साधारण एकतृतीयांश काळच उघडा असतो. त्या तेवढ्या काळात हवेचा वेग सरासरीच्या जवळजवळ तिप्पट होतो, आणि व्हॉल्व्ह बंद झाला की ती थांबते, थोडी उलटही फिरते. एअरबॉक्समधली साठलेली हवा हे हिसके झेलते. कार्ब्युरेटरच्या तोंडाशी शांत, स्थिर दाबाची हवा राहते आणि चारही कार्ब्युरेटरना ती सारखीच मिळते. सिंगल सिलिंडरला तर या साठ्याची गरज आणखी जास्त, कारण तिथे एका सिलिंडरचा हिसका भरून काढायला दुसरा सिलिंडरच नसतो.

शिवाय डब्याचं आकारमान आणि त्याच्या नळीची लांबी-रुंदी कारखान्यात मोजूनमापून ठरवलेली असते. बंद पोकळी आणि तिला जोडलेली नळी यांना स्वतःची एक कंपनसंख्या असते. ती नीट साधली की मधल्या आरपीएमला इंजिनाचा जोर कमी पडतो तिथे हवेचा दाब जरासा वाढतो आणि खड्डा भरून निघतो. कार्ब्युरेटरला जोडणारे जे रबरी बूट तुम्हाला छळतायत, त्यांचं आतलं तोंड कर्ण्यासारखं पसरट असतं. त्यालाही कारण आहे. गोलाई दिलेल्या तोंडातून हवा जवळजवळ काही न गमावता आत वळते, धारदार कडेवरून वळताना मात्र प्रवाह भिंतीपासून सुटतो आणि नळीचा कामाचा व्यास आपोआप कमी होतो. बहुतेक पॉड फिल्टर कार्ब्युरेटरच्या तोंडावर सरळ चढवलेले असतात, आत कर्णा नसतो. म्हणजे फिल्टरच्या कापडातून हवा मोकळी आली तरी दारातच अडते. पॉड जास्त हवा सोडतो, हे वाक्य फिल्टरपुरतं खरं असू शकतं. कार्ब्युरेटरपर्यंत ती हवा कशी पोचते, हा प्रश्न वेगळा आहे.

आता सीव्हीकडे येतो, कारण तुमचा खरा निकाल तिथेच लागतो.

सीव्ही कार्ब्युरेटरमध्ये तुमच्या मुठीने फक्त बटरफ्लाय (हवेची फिरती झडप) उघडतो. स्लाइड (हवेची वाट लहानमोठी करणारा सरकता तुकडा) आणि तिला लटकलेली नीडल (पेट्रोलची वाट उघडणारी सुई) तुम्ही उचलत नाही, हवेचा दाब उचलतो. स्लाइडच्या माथ्यावर पातळ रबरी डायफ्रॅम असतो. त्याच्या वरच्या कप्प्यात, स्लाइडच्या तळाशी असलेल्या छिद्रातून, व्हेंच्युरीतला, म्हणजे कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातला, कमी दाब पोचतो. खालच्या कप्प्यात कार्ब्युरेटरच्या तोंडाकडून, म्हणजे एअरबॉक्सकडून, बाहेरच्या हवेचा दाब येतो. या दोन दाबांतला फरक स्प्रिंग आणि स्लाइडचं वजन यांच्याविरुद्ध स्लाइड वर ढकलतो. हा फरक अगदी थोडा असतो, म्हणूनच स्प्रिंग बोटाने सहज दाबली जाते. इतक्या नाजूक हिशोबात एक बाजू एअरबॉक्सच्या शांत हवेची आहे असं गृहीत धरलेलं असतं. पॉड लावले की ती बाजू धावत्या गाडीच्या वाऱ्यात उघडी पडते. कडेच्या दोन कार्ब्युरेटरना वारा लागतो, मधले दोन इंजिनाच्या आडोशाला गरम हवेत राहतात. चार स्लाइड चार वेगवेगळ्या उंचीवर जातात, थरथरतात, आणि बाजूने वाऱ्याचा झोत आला की गाडी मध्येच अडखळते. गॅरेजमध्ये उभं राहून सिंक्रोनायझेशन (चारही कार्ब्युरेटर सारखे जुळवणं) कितीही अचूक केलं तरी रस्त्यावर ते टिकत नाही.

याहून साधी आणि फार वेळा आढळणारी एक भानगड आहे. कार्ब्युरेटरच्या तोंडात पाहिलंत तर मोठ्या भोकाच्या कडेला दोन-तीन बारीक भोकं दिसतील. त्यातलं एक पायलट एअर जेटचं, एक मेन एअर जेटचं आणि बऱ्याच कार्ब्युरेटरमध्ये एक डायफ्रॅमखालच्या कप्प्याचं. पॉडच्या रबरी गळ्याला आतून जी ओठासारखी कड असते, ती नेमकी या भोकांवर बसते. डायफ्रॅमचा श्वास कोंडला की स्लाइड उचललीच जात नाही. गाडी चार-पाच हजार आरपीएमपर्यंत कशीबशी जाते आणि पुढे गुदमरते. मेकॅनिक म्हणतो लीन झाली, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय, मेन जेट वाढवा. जेट वाढतो, फरक पडत नाही, आणखी वाढतो. स्लाइडच वर जात नसेल तर मेन जेटपर्यंत पाळीच येत नाही, मग तो कितीचाही असो. कुणाच्या गाडीला आधीच पॉड लावलेले असतील आणि ती अशी वागत असेल, तर जेटला हात लावण्याआधी पॉड काढून तोंडात पाहा आणि रबराची कड कुठे बसते ते तपासा.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही इथेच येतं. मेन जेटचा नंबर मी सांगू शकत नाही, आणि गाडी न पाहता कुणी सांगितला तर तो मानू नका. मेन जेटचं राज्य थ्रॉटल तीनचतुर्थांशाच्या वर उघडल्यावर सुरू होतं. रोजच्या चालवण्यात आपण तिथे फार कमी असतो. आयडलिंगपासून पहिल्या पावभागापर्यंत पायलट जेट आणि त्याचा स्क्रू, आणि पावापासून पाऊणपर्यंत नीडल आणि नीडल जेट, असं काम वाटलेलं असतं. एअरबॉक्स काढल्याने या सगळ्या टप्प्यांत व्हेंच्युरीवरचा दाब बदलतो, मिश्रण लीन होतं, आणि तेही सगळीकडे सारख्या प्रमाणात नाही. अमेरिकेत 1978 च्या मॉडेलपासून मोटरसायकलींना प्रदूषणाचे नियम लागू झाले. त्यानंतरच्या पुष्कळ गाड्यांमध्ये नीडलला क्लिपचे खाचे नसतात, एकच ठरलेली जागा असते, आणि पायलट स्क्रूवर पितळी बूच ठोकलेलं असतं. म्हणजे मुळातच कडेवर लीन असलेली गाडी आपण आणखी लीन करतो, आणि सुधारायचे दरवाजे बंद असतात. अजून एक: मिकुनी आणि केहिनच्या जेटचे नंबर एकाच मापाचे नसतात. एका कंपनीचा 110 काढून दुसऱ्या कंपनीचा 115 टाकला म्हणजे जेट मोठा झाला असं समजू नये.

लीन चालण्याला हलकं घेऊ नका. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने एका भागाला 14.7 भाग हवा लागते, पण भरपूर जोर हवा असताना इंजिनाला 12.5 ते 13 च्या आसपासचं मिश्रण मानवतं. त्याहून पातळ मिश्रणावर भरथ्रॉटल चालवत राहिलं की तापमान वाढतं, नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून ठोके बसणं) होऊ शकतं, पिस्टनचा माथा आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सोसतात. एअर-कूल्ड इंजिनाला उष्णता टाकायला पाण्याचा आधारही नसतो. टू-स्ट्रोकवाल्यांनी तर दुप्पट सावध राहावं. ज्या गाडीत तेल पेट्रोलमध्येच मिसळून घालतात तिथे पेट्रोल कमी पोचलं म्हणजे तेलही कमी पोचलं, आणि पिस्टन सीझ व्हायला (अडकून बसायला) एक लांब सरळ रस्ता पुरतो.

डब्याला जोडलेल्या दोन नळ्यांचा विचार बहुधा कुणी करत नाही. पहिली क्रँककेस ब्रीदरची. पिस्टनशेजारून खाली उतरणारे वायू आणि तेलाची वाफ या नळीतून एअरबॉक्समध्ये जाते आणि जळून जाते. डबा काढल्यावर ही नळी मोकळी लोंबत राहिली तर तेल खाली ठिबकतं, आणि खाली मागचं चाक आहे. टायरवर तेल म्हणजे वळणात पडणं. पॉड लावायचेच असतील तर ब्रीदरला कॅच कॅन (तेल साठवणारा लहान डबा) किंवा निदान स्वतंत्र लहान फिल्टर उंचावर, टायरपासून दूर बसवणं ही सोय नव्हे, गरज आहे. दुसरी नळी फ्लोट बाउलच्या, म्हणजे कार्ब्युरेटरखालच्या पेट्रोलच्या वाटीच्या, व्हेंटची. काही गाड्यांत ती एअरबॉक्सच्या आसपासच्या शांत हवेत नेलेली असते. ती वाऱ्यात उघडी राहिली की बाउलवरचा दाब वेगाप्रमाणे खालीवर होतो आणि ठरावीक वेगाला गाडी कारण नसताना मागेपुढे हिसके देते. जेट बदलून हा दोष जात नाही, नळी आडोशाला नेली की जातो.

धूळ. याबद्दल मी जास्त आग्रही आहे, कारण तिचं नुकसान लगेच दिसत नाही. पिस्टन रिंग आणि सिलिंडर यांच्यातला तेलाचा थर काही मायक्रॉनचा असतो. त्याच मापाचे, डोळ्याला न दिसणारे कण बोअर आणि रिंग घासतात. चांगल्या फिल्टरची परीक्षा आयएसओ 5011 या मानकाप्रमाणे, ठरावीक मापाच्या धुळीवर होते. पाकिटावर हवा किती जाते एवढंच छापलेलं असेल आणि धूळ किती अडते याचा उल्लेखच नसेल, तर तो फिल्टर अर्धीच गोष्ट सांगतोय. चांगल्या कंपनीचा तेल लावलेला सुती जाळीचा किंवा फोमचा पॉड धूळ बऱ्यापैकी अडवतो, पण तेल वेळच्या वेळी आणि मापात लावलं तरच. स्वस्त पॉडमध्ये धातूच्या जाळीखाली विरळ कापडाचा थर असतो आणि गळ्याचा सांधा सैल. मूळ कागदी फिल्टरचा एक गुण लोक विसरतात: थोडी धूळ बसली की तो आणखी बारीक कण अडवायला लागतो. फक्त त्याला तेल लावू नका, तेलाने कागदाची छिद्रं बुजतात.

तपासायची सोपी रीत सांगतो. फिल्टर कोणताही असो, कार्ब्युरेटरच्या तोंडात फिल्टरच्या पुढच्या बाजूला ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा, एअर जेटची भोकं सोडून. काही दिवस गाडी चालवून पुन्हा उघडा आणि बोट फिरवून दोन बोटांत चोळा. कचकच लागली तर धूळ आत जातेय, फिल्टरमधून किंवा सांध्यातून. ही परीक्षा मूळ एअरबॉक्सलाही लावा. जुन्या डब्याचं झाकण वाकलेलं असतं, गॅस्केट गेलेलं असतं, आणि महागडा नवा फिल्टर बसवूनही हवा बाजूने आत शिरत असते.

पावसाचं थोडक्यात: डब्यात नळीचं तोंड आडोशाला असतं आणि पाणी खाली झिरपायला वाट असते. उघडा पॉड भिजतो, भिजलेल्या कापडातून हवा कमी जाते, आणि एखादा सिलिंडर बंद पडतो. वर घालायचे पाणी न धरणारे कापडी मोजे मिळतात. त्यांनीही हवा थोडी अडतेच.

मग पॉड कधीच लावू नयेत का? तसं नाही. स्लाइड केबलने थेट उचलली जाते असे कार्ब्युरेटर, म्हणजे मिकुनी व्हीएम किंवा अमाल कॉन्सेन्ट्रिकसारखे, हवेच्या गडबडीला इतके बावरत नाहीत, कारण स्लाइडची उंची तुमच्या मुठीत असते. त्यांच्यावर पॉड लावून पायलट, नीडल आणि मेन असे तिन्ही टप्पे शांतपणे जुळवले तर गाडी छान चालते. कॅम बदललाय, कॉम्प्रेशन वाढवलंय, शर्यतीसाठी बनलेले केहिन सीआर किंवा फ्लॅट-स्लाइड कार्ब्युरेटर बसवलेत, तर ते उघड्या तोंडासाठीच आखलेले असतात. तिथे मूळ डबा खरोखर आडवा येतो. मूळ एअरबॉक्स हरवलाय, फुटलाय आणि मिळतच नाही, हेही प्रामाणिक कारण आहे. आणि सीटखालचा त्रिकोण मोकळा दिसावा म्हणून कुणी हे करत असेल तर माझी हरकत नाही. सुंदर दिसणं ही काही क्षुल्लक गोष्ट नाही. फक्त ते दिसण्यासाठी केलंय हे स्वतःशी मान्य असावं. पॉड लावल्यावर हवा ओढण्याचा आवाज वाढतो, आवाज वाढला की वेग वाढल्यासारखा वाटतो. घड्याळ लावून एकाच गिअरमध्ये, एकाच रस्त्यावर दोन्ही प्रकारे मोजून पाहिल्यावर मूळ इंजिनावर फरक बहुतेकदा वरच्या टोकाला थोडासा मिळतो, आणि मधल्या आरपीएमला तेवढाच किंवा त्याहून जास्त गमावलेला असतो.

सीव्हीवर पॉड लावायचेच ठरलं असेल, तर निदान हे क्रमाने करा. आधी टॅपेट (व्हॉल्व्हची फट), इग्निशन टायमिंग आणि इंजिनाकडचे इनटेक रबर नीट असल्याची खात्री. इंजिनाकडची गळती मिश्रण लीन करते, आयडलिंग चढवते, आणि ती राहून गेली तर पुढची सगळी मेहनत वाया. मग पातळ कडेचे पॉड किंवा मध्ये लहान कर्णा घालून बसवलेले पॉड घ्या. डायनोजेटच्या स्टेज 3 सारखे संच खास सुट्या फिल्टरसाठी असतात. त्यात नीडल, स्प्रिंग आणि जेट एकत्र विचार करून दिलेले असतात, ते सुट्या जेटपेक्षा खूप बरे. संच नसेल तर नीडलखाली साधारण अर्ध्या मिलिमीटरची वॉशर घालून नीडल उचला, एका वेळी एकच. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदल वहीत. भरथ्रॉटलपासून खाली या: आधी मेन, मग नीडल, शेवटी पायलट. प्लगचा रंग हल्लीच्या अनलेडेड पेट्रोलवर फसवतो. धुरावरून मिश्रण मोजणारा वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर एक दिवसासाठी मिळाला तरी आठवड्याचा अंदाजपंचे खेळ वाचतो.

पण तुमच्यासाठी माझा सल्ला वेगळा आहे, आणि तो कमी कष्टाचा आहे.

एअरबॉक्सचे बोल्ट ढिले करून डबा मागे सरकतो तितका सरकवा. तुमच्या काळातल्या बहुतेक गाड्यांत एवढी जागा ठेवलेलीच असते, आणि नेमकं हेच न करता लोक कार्ब्युरेटरशी झुंजतात. नवे बूट मिळत असतील तर चारही नवेच घ्या. नसतील तर जुने काढून उकळत्या पाण्यात काही मिनिटं ठेवा आणि गरम असतानाच बसवा. फारच आखडले असतील तर झायलिन आणि विंटरग्रीन तेलाच्या मिश्रणात बुडवून ठेवायची पद्धत आहे, रबर फुगतं आणि मऊ पडतं. ते उघड्या हवेत, हातमोजे घालून, आगीपासून लांब करा, झायलिनची वाफ वाईट असते. भेगा पडलेल्या बुटावर मात्र वेळ घालवू नका, तो मऊ होईल पण हवा गळतच राहील.

बसवताना बूट डब्यात आतपर्यंत ढकलून ठेवा, म्हणजे कार्ब्युरेटरना आडवे येणार नाहीत. चारही कार्ब्युरेटर एकत्र जोडलेलेच आत सरकवा. आधी इंजिनाकडची बाजू बसवा, तोंडाला सिलिकॉनचं वंगण किंवा साबणाचं पाणी लावून. साधं ग्रीस नको, रबर त्याने फुगतं आणि पुढे खराब होतं. ती बाजू चारही ठिकाणी पूर्ण बसली की क्लॅम्प आवळा, मग डबा पुढे आणा आणि एकेक बूट बाहेर ओढून कार्ब्युरेटरच्या तोंडावर चढवा. बोट फिरवून प्रत्येकाची कड सगळीकडून बसलीय का पाहा. दुमडलेली कड वरून दिसत नाही.

डबा उघडलाच आहे तर जुन्या फोमकडे लक्ष द्या. काही गाड्यांत फिल्टरभोवती किंवा झाकणाला फोमची पट्टी असते. एवढ्या वर्षांनी ती चिकट होऊन भुगा होते आणि तो भुगा कार्ब्युरेटरमध्ये ओढला जातो. खरवडून काढा, नवी लावा. फिल्टर नवा घाला: मूळ कागदी चालेल, किंवा त्याच आकाराचा तेल लावलेला सुती किंवा फोमचा, जो धुऊन पुन्हा वापरता येतो. जागेवर बसणाऱ्या अशा फिल्टरने सहसा जेटला हात लावावा लागत नाही, आणि हवा थोडी मोकळी मिळते तीही डब्याच्या सगळ्या फायद्यांसकट.

हे झाल्यावर चारही कार्ब्युरेटर व्हॅक्युम गेज लावून सिंक्रोनाइझ करा, इंजिन गरम असताना, डबा आणि फिल्टर जागेवर ठेवून. डबा काढून केलेलं सिंक्रोनायझेशन डबा लावल्यावर जुळत नाही. आणि एवढं करूनही गाडी मधल्या टप्प्यात अडत असेल, तर चालू गाडीवर चोक किंचित ओढून पाहा. सुधारली तर लीन आहे, नीडल अर्धा मिलिमीटर उचला. आणखी बिघडली तर रिच आहे, म्हणजे पेट्रोल जास्त होतंय, मग फ्लोटची पातळी आणि झिजलेला नीडल जेट तपासा. काहीच फरक पडला नाही तर डायफ्रॅम काढून दिव्यासमोर धरा. त्यात सुईएवढं छिद्र असलं तरी ते दिसेल.